एकोणीस रुसलेल्या रेषा

रोहण्यात रूपरावांच्या लग्नाची आठवण निघाली की नवरा-नवरीच्या आधी पंगतीची निघते. एकाहत्तर सालच्या वैशाखातली गोष्ट. अक्षता पडल्या, मांडवात टाटपट्ट्या अंथरल्या गेल्या, पळसाच्या पत्रावळी मांडून झाल्या. नवरदेव बाशिंग बांधून पाटावर बसले होते आणि शेजारी जयवंता मान खाली घालून बसली होती. पहिला घास उचलणार, तेवढ्यात रूपरावांची नजर समोर गेली. वरणाची भरली बादली घेऊन येणारा वाढपी आणि रिकामी बादली घेऊन जाणारा वाढपी एकाच चिंचोळ्या वाटेत समोरासमोर अडकले होते. एक म्हणे तू माघारी फिर, दुसरा म्हणे तू फिर. त्यांच्यामागे बुंदीवाला, बुंदीवाल्यामागे मीठवाला. तिकडे व्याह्यांच्या रांगेत भात वाढून झाला होता, वरण नव्हतं, आणि सगळे व्याही कोरड्या भाताकडे टक लावून बसले होते.

रूपरावांच्या पाठीत खाज सुटली. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं आपला हात कधीच पोचत नाही, नेमकी तिथं.

"मी आलोच," म्हणत ते उठले. शेल्याची गाठ सुटलेली नव्हती, म्हणून जयवंतालाही उठावं लागलं. पुढे बाशिंगाचे गोंडे हलवत नवरदेव, मागे गाठीला ओढली जाणारी नवरी, अशी ती जोडी भर मांडवात फिरू लागली.

"येनारा डाव्या अंगानं, जानारा उजव्या अंगानं! अन् हे मठ्ठ्याचं पिंप कोपऱ्यात कोनं ठेवलं बे? साऱ्याइले मठ्ठा लागते, अन् पिंप कोपऱ्यात! उचला, मधात आना!"

पाच मिनिटांत पंगत अशी चालू लागली, जशी नदीला वाट मिळावी. व्याही जेवले. नवरी मात्र थकली.

"सप्तपदीत सात पावलं चालली मी," जयवंताबाई पुढे वर्षानुवर्षं सांगत, "अन् पंगतीत सातशे."

तेव्हापासून आर्वी तालुक्यात लग्न निघालं की रूपरावांना एक दिवस आधी बोलावणं येई. ते रिकाम्या मांडवात हात मागे बांधून उभे राहत. कोण कोणाशेजारी बसेल, कोणाची पाठ कोणाकडे असेल, बादली कुठून निघून कुठं पोचेल, हे सगळं त्यांना तिथं कोणी नसताना दिसत असे. दोघा भाऊबंदांचं वाकडं असेल तर त्यांच्या मधे ते एखादा बहिरा मामा बसवत. वरणाची मोठी वाट मात्र ते स्वतः चुन्यानं आखत. तिच्यात पत्रावळ तर सोडाच, कोणाचा गुडघाही आलेला त्यांना चालत नसे. एवढं झालं की ते पोरांना म्हणत, "आता धावा कसेही." आणि पोरं कशीही धावली तरी एकमेकांवर आदळत नसत.

या गुणाचा पोटापाण्याशी काही संबंध असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

पोटासाठी ते पाट्या रंगवत. शहात्तर साली वर्ध्याला लागून सिंदी मेघेत ओमप्रकाशजींनी सरकीच्या जुन्या गोदामात कारखाना काढला. घराण्याचा धंदा कापडाचा. पण ओमप्रकाशजींना विजेचं वेड होतं, म्हणून त्यांनी व्होल्टेज स्टॅबिलायझर करायला घेतले आणि नाव ठेवलं मेघदीप. डब्यांवर ते नाव रंगवायला रूपराव आले. त्यांचा हात न कापता सरळ जातो, हे बघून शेठजींनी ब्रश काढून घेतला आणि हातात काळ्या चिकटपट्टीचं रीळ दिलं.

स्टॅबिलायझरच्या पोटात एक पातळ बोर्ड असतो. त्याच्यावर चिप, कंडेन्सर, रेझिस्टन्स असे सगळे जण बसलेले असतात आणि तांब्याच्या बारीक रेषा एकाकडून दुसऱ्याकडे वीज नेऊन पोचवतात. एका रेषेनं दुसरीला शिवलं की संपलं. या रेषा आधी कोणीतरी आखाव्या लागतात. रूपराव त्या आखत. मोठ्या काचेच्या टेबलाखाली बल्ब जळे, काचेवर पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर ते ब्लेडनं कापून कापून काळी पट्टी चिकटवत जात. त्याचा मग फोटो निघे आणि फोटोवरून तांबं. काम नाजूक होतं. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हानं पट्टीचा गोंद पातळ होई आणि दुपारी सरळ लावलेली रेषा संध्याकाळपर्यंत शेजारणीच्या घरी जाऊन बसे. म्हणून उन्हाळ्यात ते टेबलाभोवती ओलं गोणपाट टांगत आणि आत मांजरासारखे दबकून वावरत.

पण पट्टी लावण्याआधी ते दोन दिवस नुसते बसत. पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे, एकेका भागाच्या मापाचे, आणि ते काचेवर इकडून तिकडे सरकवायचे. उचलायचे, फिरवायचे, पुन्हा ठेवायचे.

"रूपराव, पत्ते खेळता काय भाई?" ओमप्रकाशजी विचारत.

"हाव जी," रूपराव म्हणत. खरं कारण त्यांना सांगता आलं नसतं. आणि कोणी नीट विचारलंही नाही. बारा वर्षं हे असंच चाललं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारखान्यात कॉम्प्युटर आला.

ज्या खोलीत रूपरावांचं टेबल होतं तिथंच तो एका कोपऱ्यात मांडला गेला. त्याला हार घातला, समोर नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा कळफलकाजवळ ठेवला. खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. कूलर त्याच्या दिशेनं वळवण्यात आला, तेव्हा रूपरावांच्या वाट्याला फक्त कूलरचा आवाज राहिला. कॉम्प्युटरसोबत नागपूरहून एक मुलगी आली. रुख्मिणी. नुकती डिप्लोमा झालेली, दोन वेण्या घालणारी, आणि आजीचं नाव आपल्याला ठेवलं म्हणून आईवर कायमची नाराज असलेली.

ओमप्रकाशजींनी सगळ्यांना गोळा केलं.

"देखो भाई, आता जमाना बदलला. कोण कोणाला जोडायचं तेवढं या मशीनला सांगायचं. रस्ता ते स्वतः शोधतं. पट्टी नाही, ब्लेड नाही, गोणपाट नाही."

"अन् बसवनार कोन?" रूपरावांनी मागून विचारलं.

"काय बसवणार?"

"चिपा. कोन कुठं बसनार थे."

"त्याला काय लागतं? कुठंही बसव."

कुठंही बसव. हे दोन शब्द रूपरावांना असे लागले, जसं कोणी त्यांच्या चुन्याच्या रेषेवर पाय देऊन उभं राहावं.

शेठजी पुढे बोलतच होते. कापसातला ओलावा मोजायचं यंत्र करायचं होतं. हिंगणघाटचे जिनिंगवाले सोमवारी नमुना बघायला येणार होते. यंत्रासाठी पत्र्याचे डबे शेठजींनी आधीच आणून ठेवले होते, कुठल्याशा बिस्किटवाल्याचे राहिलेले, त्यामुळे बोर्ड त्या डब्याच्या मापातच बसायला हवा होता. शनिवारी फिल्म तयार पाहिजे. "मशीननं हे करून दाखवलं," शेठजी म्हणाले, "तर हे टेबल बाहेर. जागा मोकळी होईल. बंडूजी पुढच्या महिन्यात निवृत्त होतात, तर रूपराव वाइंडिंगला."

वाइंडिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळणं. हातानं दांडा फिरवायचा आणि तोंडानं मोजायचं, एक ते बाराशे. मधे कोणी चहा विचारला की पुन्हा एकपासून. बंडूजी बारा वर्षं तेच करत होते. त्यांना रस्त्यात कोणी "काय चाललं बंडूजी?" विचारलं तर ते प्रेमानं हसत आणि "चारशे सहा" म्हणत.

रूपरावांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींचे ओठ हलत होते.

बुधवारी मशीन चालवायचं ठरलं. रुख्मिणीनं पडद्यावर एकेक भाग ठेवायला घेतला. ओमप्रकाशजी तिच्या खुर्चीमागे उभे. सगळ्यांत महाग चिप मुंबईहून आलेली होती, चाळीस पायांची. साऱ्या बोर्डाला तिच्याशीच काम. रुख्मिणी ती ठेवणार तोच शेठजींनी हात वर केला.

"ही तिकडं आत ठेव. त्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात कशाला शेठजी?"

"कीमती माल दरवाज्याजवळ ठेवतात काय? आमचे वडील सांगत, गिऱ्हाईक बाहेर, तिजोरी आत."

"बोर्डवर चोर नाही येत, शेठजी."

"चोर विचारून येतो काय?"

चिप कोपऱ्यात गेली. बाकीचे भाग रुख्मिणीनं जागा दिसेल तिथं ठेवले. तिलाही शिकवणाऱ्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मशीन सगळं करतं. मग तिनं कळ दाबली.

पडद्यावर आधी नुसतं कोळ्याचं जाळं होतं. कोण कोणाला जोडायचं ते दाखवणाऱ्या एकशे शहाऐंशी बारीक रेषा, एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या. मशीन त्यातली एकेक उचले आणि तिला काटकोनात वळवत, भिंतीभिंतीनं नेत जागेवर पोचवे. खालच्या बाजूनं वाट अडली की रेषा बोर्डाला भोक पाडून वर येई, थोडी चाले, पुन्हा भोकातून खाली उतरे. दाराशी गर्दी जमली. क्रिकेटच्या सामन्यासारखे सगळे विचारू लागले, "किती झाले?"

"शंभर."

"एकशे चाळीस."

रूपराव आपल्या टेबलाला टेकून उभे होते. प्रत्येक आकड्याला त्यांचा हात काचेच्या कडेवरून फिरत होता.

"एकशे साठ... एकशे सदुसष्ट."

आणि मशीन थांबलं. तासभर वाट पाहिली, पण ते तिथंच. एकोणीस रेषा जाळ्यातल्या जाळ्यात लटकत राहिल्या.

"हे काय?" शेठजींनी विचारलं.

"यांना रस्ता नाही सापडला," रुख्मिणी म्हणाली.

"रुसले," रूपराव म्हणाले. आणि चपला घालून ते बाहेर गेले ते सगळ्यांसाठी गरम आलुबोंडे घेऊनच परतले.

"कशाबद्दल जी?" अनुसयाबाईंनी विचारलं. बोर्डावर कथलाचे डाग देऊन भाग जोडणाऱ्या बायकांच्या त्या मुख्य. कारखान्यातलं कोणतंही गुपित त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"असंच. ऊन लई हाय."

"ऊनात आलुबोंडे?" अनुसयाबाईंनी बोंडा घेतला, पण डोळे बारीक केले.

गुरुवारी रुख्मिणीनं हट्ट धरला. रेषा बारीक करून पाहिल्या, आधी लांबच्या आणि मग जवळच्या असा क्रम उलटा करून पाहिला. मशीन धापा टाकत चाललं. मधेच विजेचा दाब घसरला, पंखे मंदावले आणि पडदा मिटला. गावभर स्टॅबिलायझर विकणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरला स्टॅबिलायझर लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि गोदामातून एक आणवला. त्याच्या आतला बोर्ड रूपरावांनीच आखलेला होता. ते त्या डब्याकडे असं बघत राहिले, जसं आपलाच बैल शेजाऱ्याच्या औताला जुंपलेला दिसावा.

दुपारी पुन्हा सगळं केलं. आता चौदाच रेषा उरल्या. शेठजी खुश होणार, इतक्यात अनुसयाबाई आत आल्या. बोर्डाला जेवढी भोकं, तेवढ्या भोकांतून तारेचा तुकडा ओवून दोन्ही अंगांनी डाग देणं त्यांच्या बायकांच्या माथी होतं. त्यांनी चष्मा लावून पडद्याशी नाक नेलं.

"किती भोकं हायेत वो बाई?"

"दोनशे बारा," रुख्मिणी हळूच म्हणाली.

"हे बोर्ड व्हय का चाळनी? यातून कापूस मोजता का पीठ गाळता?"

"अजून सुधारेल ना."

"सुधारून दोनशे बारा झाले. बिघडलं त काय करशीन?"

रूपराव हसले नाहीत. कारण एव्हाना त्यांच्या पाठीत खाज सुटली होती. दिवसभर ते त्या पडद्याकडे बघायचं नाही म्हणून काचेवर ओणवे होत होते, आणि दिवसभर मान आपोआप वळत होती. चाळीस पायांची ती चिप कोपऱ्यात. जिला तिच्याशी सारखं बोलायचं ती दुसरी चिप पलीकडच्या टोकाला, तीही पाठ फिरवून. आणि सगळ्यांना लागणारी विजेची जाड रेषा अंग चोरत कोपऱ्याकोपऱ्यानं जाणारी. असला मांडव त्यांनी उभ्या आयुष्यात सहन केला नव्हता.

संध्याकाळी ते घरी जेवायला बसले, पण हात भाकरीकडे जाण्याऐवजी पाठीकडे जात होता. जयवंताबाईंनी चुलीवरचा तवा उतरवला आणि लाटणं घेऊन त्या त्यांच्या मागे बसल्या.

"इथी?"

"वर. जराशीक डाव्या हातानं. हां."

"कोनाच्या लग्नात गेलते?"

"कोनाच्या नाई." मग त्यांनी सगळं सांगितलं. जयवंताबाई लाटणं फिरवत ऐकत होत्या.

"म्हनजे बिघाड कुठी हाय थे तुमाले मालूम हाय."

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगत काऊन नाई?"

"सांगतलं त मशीन पास होते. मशीन पास झालं त मी वाइंडिंगले. एक ते बाराशे मोजत बसीन. तू जेवाले बोलावलं त तुले आकडा सांगीन."

"मंग नका सांगू. मशीन जाईन वापस."

"हाव."

"झालं तं. चूप राहा चार दिवस."

"थेच त होत नाई नं जयवंते!"

जयवंताबाईंनी लाटणं खाली ठेवलं. शेल्याला बांधून ज्या माणसामागे त्या मांडवभर फिरल्या होत्या, तो तिळभरही बदललेला नव्हता. "मंग सांगून टाका," त्या म्हणाल्या. "आकडे ऐकीन मी. पन हे पाठ आता माह्याच्यानं खाजवल्या जात नाई."

शुक्रवारी शेठजी कामासाठी नागपूरला गेले होते. रुख्मिणी एकटीच पडद्यासमोर बसली होती. डोळे लाल, वेण्या सैल. तिनं कळीवर बोट नेलं आणि मागून आवाज आला.

"उठवा त्याले!"

ती दचकली. "कोणाला?"

"थ्या चाळीस पायवाल्याले. उठवा तिथून. मधात आना."

"शेठजी म्हणाले—"

"शेठजीइले पंगत समजते का? बाई, मठ्ठ्याचं पिंप कोपऱ्यात ठेवलं त गावचे गाव एकाच कोपऱ्यात घुसनार नं! वाढपी आदळतीन नाई त काय करतीन?"

रुख्मिणीला पिंपाचं काही कळलं नाही, पण कोपऱ्यातली गर्दी तिला पडद्यावर दिसत होती. तिनं चिप उचलून मधोमध आणली. लगेच जाळ्यातल्या निम्म्या रेषा आखडून लहान झाल्या. ती सरळ होऊन बसली.

"आता?"

"आता हे जोडीवाली. हे हिच्यासोबत दिवसभर बोलते, मंग तिकडं काऊन बसवली? जवळ आना. फिरवा. पाठ करून बसल्या दोघी, बोलतीन कशा? हां. पाहा, कशा सरळ झाल्या."

खरंच, पीळ पडलेल्या आठ रेषा सतारीच्या तारांसारख्या समांतर झाल्या. रुख्मिणीच्या तोंडून "अय्या" निघालं आणि तिनं लगेच खोकल्याचं निमित्त केलं.

दोघं मग दुपारपर्यंत उठलेच नाहीत. बटनांची पट्टी दाराकडे गेली, कारण पाहुणे तिथूनच येणार. कापसाकडून येणारी रेषा फार हळव्या कानाची होती, तिला ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सहन होत नसे. तिच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधे रूपरावांनी एक जाडजूड कंडेन्सर बसवला. "बहिरा मामा," ते म्हणाले. रुख्मिणीनं विचारायचं सोडून दिलं होतं.

"चालवू आता?"

"थांबा नं! वरनाचा रस्ता कोन आखनार?"

"म्हणजे?"

"ज्याच्यावाचून कोनाचंच चालत नाई थे."

रुख्मिणीनं क्षणभर विचार केला. "पॉवर आणि ग्राउंड."

"मले नाव नाई मालूम. ह्या दोन जाड्या. ह्या मशीनच्या भरोशावर नाई टाकायच्या. ह्या आपन आखायच्या, रुंद, अन् मंग मशीनले सांगाचं, ह्याइले हात लावशीन तं खबरदार."

असं सांगायची सोय आहे का, ते रुख्मिणीला पुस्तकात शोधावं लागलं. शेवटच्या प्रकरणात सापडली. त्या दोन रेषा तिनं रूपरावांच्या बोटामागून हातानं ओढल्या आणि कुलूप घातल्यासारख्या पक्क्या केल्या.

"आता धावू द्या कसंही," रूपराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसले.

चाळीस मिनिटं मशीन चाललं. दाराशी डाग देणाऱ्या बायका जमल्या. आकडा एकशे चौऱ्याऐंशीवर थांबला. दोन रेषा राहिल्या. पण त्या कशानं अडल्या ते आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. एक रेझिस्टन्स बोटभर सरकवला, आणि दोन्ही वाटा मोकळ्या.

"भोकं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"एकतीस."

अनुसयाबाईंनी रुख्मिणीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मग त्या रूपरावांकडे वळल्या, तर ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. पाठीची खाज गेली होती. आणि गेल्यावर त्यांना आपण काय करून बसलो ते उमगलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. अनुसयाबाईंनी कान दिला. "एक, दोन, तीन," रूपराव म्हणत होते. सराव.

पुढचं सगळं शेठजींच्या मनासारखं झालं. सोमवारी हिंगणघाटची मंडळी आली. बिस्किटाच्या डब्यातल्या यंत्रानं कापसाचा ओलावा सांगितला, आणि एका पाहुण्यानं हात लावला तर त्याच्या घामेजल्या तळव्याचाही सांगितला. पाहुणे प्रसन्न झाले. "मशीनचा कमाल," ओमप्रकाशजी प्रत्येकाला म्हणत होते. रुख्मिणीनं तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा शेठजींनी तिच्या तोंडात पेढा घातला.

मंगळवारी सकाळी टेबल काढायला चार माणसं आली.

टेबल सागवानी, सहा फूट बाय चार. शहात्तर साली सुताराला खोलीतच बसवून करून घेतलेलं. दाराचं माप तेव्हा कोणी घेतलं नव्हतं. चौघांनी काच उतरवली, टेबल आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं, आणि मग जोर लावून दारात घातलं. निम्मं गेलं आणि अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. दार असं बंद झालं, की मांजरही आत-बाहेर करू शकलं नसतं. आत रुख्मिणी, कॉम्प्युटर आणि ओमप्रकाशजी. बाहेर बाकी सगळे.

"लगाव जोर!" आतून शेठजी ओरडले.

जोर लावला. चौकट कुरकुरली.

रूपराव व्हरांड्यात उभे होते. चौघांनी चुकीचा पाय चुकीच्या अंगानं घातलेला त्यांना दिसत होता. पाठीत आग उठली. त्यांनी खांब गाठला आणि खांबाला पाठ घासत उभे राहिले.

"रूपराव, सांगा नं," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमी सांगतल्याबिगर हे हलत नाई."

"मी वाइंडिंगचा मानूस. मले काय समजते?"

अर्धा तास गेला. शेठजींनी सकाळी उन्हाळा म्हणून तीन ग्लास ताक घेतलं होतं. त्यांच्या आवाजातला जोर कमी झाला आणि घाई वाढली.

"अरे भाई, जल्दी करा ना! मला... मला बाहेर काम आहे."

आतून रुख्मिणीचा शांत आवाज आला. "शेठजी, तोवर एक विचारू? शेतीच्या पंपाचा बोर्ड करायचा म्हणता ना, त्याच्यात सव्वीस चिप आहेत. त्या कोण बसवणार?"

"मशीन!"

"मशीन बसवत नाही. मशीन फक्त वाढपी आहे. बसवलं रूपरावजींनी, शुक्रवारी, तुम्ही नागपूरला होते तेव्हा. तुमची तिजोरी उचलून मधे आणली, तेव्हा कुठं जमलं."

"मला कोणी बोललं नाही!"

"मी बोलणार होते. तुम्ही पेढे घातले."

 ताकानं शेठजींना फार विचार करू दिला नाही.

"रूपराव! बाहेर आहात काय?"

"हाव जी."

"वाइंडिंगला आपण दुसरा माणूस बघू."

रूपराव खांबाला पाठ घासत राहिले. चुकीची वाट समोर दिसत असूनही त्यांनी जीभ आवरून धरली होती. कपाळावर घाम आला होता.

"अन् टेबल?" त्यांनी विचारलं.

"टेबल..." शेठजींनी एक पाय उचलला असावा, कारण आवाज डगमगला. "टेबल आतच राहील! जिथं होतं तिथं! कूलर पण तुमच्याकडं!"

शेवटचा शब्द पूर्ण व्हायच्या आत रूपराव दाराशी पोचले. "सोडा, सोडा! ओढू नका. जो पाय वर हाय थो भिंतीकडं लोटा. आता खालचा आत. फिरवा. हां, लोटा आत!" टेबल सुळकन आत गेलं, आणि त्याच्या बाजूनं ओमप्रकाशजी तितक्याच सुळकन बाहेर. त्यांना वाट दाखवावी लागली नाही.

काच पुन्हा बसवली गेली. रूपराव सदऱ्याच्या टोकानं ती पुसत होते. अनुसयाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज खाली घेतला.

"एक सांगा. हे बाहेर नसतं का निंगालं?"

"निंगालं असतं नं." रूपराव वाकून टेबलाखाली बघत म्हणाले. "पाय बोल्टावर हायेत. चार बोल्ट खोलले असते, झालं."

अनुसयाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या डाग द्यायच्या खोलीकडे जवळजवळ धावतच गेल्या. तिथून बराच वेळ बायकांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. ओमप्रकाशजींनी कारण विचारलं, तर कोणी सांगितलं नाही. पुढे पावसाळ्यात ते चारही बोल्ट असे गंजले की पान्यानंही फिरेनात. तेव्हा कुठं रूपरावांनी स्वतः शेठजींना ही गोष्ट सांगितली.